सात वेळा पिळलेली काच

नळीकाकांच्या गळ्यात कायम एक रबरी नळी असायची. डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो तशी. तिचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं काचेच्या नळीला लावायचं. ज्योतीवर काच मऊ झाली की हलकेच फुंकायचं. विद्यापीठाच्या रसायन विभागात, जिन्याखालच्या खोलीत, त्यांनी हे चौतीस वर्षं केलं.

हजेरीचं यंत्र त्यांचं बोट ओळखत नसे. काचेने आणि आचेने बोटांच्या रेषा पुसून टाकल्या होत्या. म्हणून सगळ्या इमारतीत ते एकटेच कागदावर सही करायचे. "मी या यंत्राच्या हिशेबी जन्मलोच नाही," म्हणायचे.

मी त्यांच्याविषयी आधी एकदा लिहिलं आहे. आठशे शब्द. त्या आठशे शब्दांनी काय केलं ते सांगायला हे दुसऱ्यांदा लिहिते आहे.

मी साहित्यात एम. ए. केलं. नोकरी मिळाली ती विद्यापीठाच्या उद्योग-सहयोग कक्षात. यात विनोद वाटला तर हसायला हरकत नाही, मीही हसले होते. ती जागा एका सरकारी धोरणातून निर्माण झाली होती. विद्यापीठाने एकट्याने संशोधनाला पैसे मागायचे नाहीत, सोबत एखादी कंपनी आणायची, कंपनीने खर्चाचा वाटा उचलायचा, उरलेला सरकार देईल, असं ते धोरण होतं. त्याच्या एका कलमात लिहिलं होतं की दर सहामाहीला प्रत्येक प्रकल्पाची एक यशोगाथा पोर्टलवर टाकावी. जनतेला कळलं पाहिजे की आपल्या पैशाचं काय होतं. तेव्हा कोणीतरी गाथा लिहिणारं हवं होतं.

पहिल्या आठवड्यात मी जिना उतरून त्या खोलीत गेले. दार उघडं होतं. आत ज्योतीचा एकसारखा घूं असा आवाज. जांभळट चष्मा लावलेला एक माणूस दोन्ही हातांनी एक नळी फिरवत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "काय फोडलंस?"

"काही नाही. मी वरच्या सहयोग कक्षातून आले."

"म्हणजे फोडायला आलीस." मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शिकलीस काय?"

"साहित्य."

"अरे वा. निबंध."

त्या दिवसापासून मी निबंध. "काय निबंध, चहा घेणार?" "निबंध, ते दार लोट, वारा लागला तर माझं पोर तडकेल." पोर म्हणजे हातातली काच.

मी रोज खाली जाऊ लागले. वर कक्षात सगळे फॉर्मच्या भाषेत बोलायचे. खाली माणसासारखं बोलणं व्हायचं. विद्यार्थी दबकत यायचे, पाठीमागे काहीतरी लपवून. काका हात पुढे करायचे, फुटलेलं भांडं घ्यायचे, नखाने टिचकी मारून कानाशी न्यायचे. तडा कुठवर गेला आहे ते त्यांना आवाजावरून कळायचं. "मॅडमना कळलंय?" विद्यार्थी मान हलवून नाही म्हणायचा. "मग कळायचं नाही. चारला ये." आणि चारला भांडं जसंच्या तसं.

मॅडम म्हणजे विभागातल्या प्राध्यापिका, आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांना सगळं कळत होतं. एकदा मला म्हणाल्या, "माझ्या हाताखाली पंचवीस जणांनी डॉक्टरेट केली. त्यातल्या निम्म्या तरी काकांनी जोडलेल्या आहेत."

प्रकल्प असा होता. एक कंपनी कारखान्यांच्या सांडपाण्याची आम्लता मोजणारी यंत्रं करायची. यंत्राच्या टोकाला काचेची एक कांडी असते, आणि कांडीच्या टोकाला पातळ काचेचा छोटा फुगा. कांडीची काच वेगळी, फुग्याची वेगळी. पाणी गरम असलं की सांध्यावर तडा जायचा. महिन्याभरात कांडी फुकट.

"दोन काचा म्हणजे दोन माणसं एका घरात," काकांनी मला समजावलं. "आच लागली की एक जास्त फुगतं, एक कमी. सांधा मधल्या मध्ये मरतो."

"मग?"

"मग मध्ये असं कोणीतरी ठेवायचं, ज्याचं दोघांशी पटतं."

ते मधलं कोणीतरी काकांनी शोधलं. मॅडमनी गणित मांडलं, कंपनीच्या साहेबांनी वर्षभर चाचण्या घेतल्या, पण हात काकांचे होते. आता लपवण्यासारखं त्यात काही राहिलेलं नाही, म्हणून लिहिते. दोन्ही काचांची एकेक बारीक कांडी घ्यायची. ज्योतीत धरून दोरीसारखी एकमेकींत पिळायची. ओढून लांब करायची. दुमडायची. पुन्हा पिळायची. असं सात वेळा. सहाला रेघा दिसतात, आठला काच थकते. त्या मिसळलेल्या काचेचा धागा काढायचा, सांध्याभोवती गुंडाळायचा, वितळवायचा. आणि भट्टीत न ठेवता गरम वाळूच्या डब्यात झोपवायचा, दुसऱ्या दिवसापर्यंत.

अशी कांडी उकळत्या पाण्यात आणि थंड पाण्यात चारशे वेळा बुडवली. टिकली. कंपनीचे साहेब स्वतः खाली आले. पहिल्या भेटीत ते टाय लावून आले होते आणि टायचं टोक ज्योतीपासून वीतभर अंतरावर आलं होतं. तेव्हापासून काका त्यांना टायसाहेब म्हणत, टाय पुन्हा कधी दिसला नाही तरी. साहेबांनी कांडी उजेडात धरली, फिरवली, आणि म्हणाले, "काका, हे तुम्ही किती जणांना शिकवलंय?"

"कोणालाच नाही. शिकायला कोणी ठेवलंच नाही ना."

हे खरं होतं, आणि हेच त्यांचं दुखणं होतं. बारा वर्षांपूर्वी त्यांचा जोडीदार निवृत्त झाला. ती जागा गोठवली गेली. दर वर्षी काका अर्ज करायचे: एक माणूस द्या, शिकवतो. दर वर्षी उत्तर यायचं, कार्यवाही चालू आहे. आता त्यांचे स्वतःचेच आठ महिने उरले होते. ते गेले की खोलीला कुलूप.

पण धोरणात आणखी एक कलम होतं. ते मीच त्यांना वाचून दाखवलं. प्रकल्पाचे दोन टप्पे. पहिल्याच्या शेवटी विद्यापीठ आणि कंपनी दोघांच्या नावे पेटंटचा अर्ज दाखल करायचा. तो दाखल झाला की दुसरा टप्पा. आणि दुसऱ्या टप्प्यात एक कायमचं कौशल्यपद, शिवाय शिकवणाऱ्याला एक वर्षाची मुदतवाढ.

त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

"कायमचं म्हणजे?"

"कायमचं, काका."

"म्हणजे मी मेलो तरी?"

"तरीही."

ते उठले आणि ज्योत उगाचच मोठी करून पुन्हा लहान केली. "एक पोरगी येते बघ, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तिचा हात स्थिर आहे. चहाचा कप कसा धरते त्यावरून कळतं." थोड्या वेळाने म्हणाले, "ती अर्ज करेल का, विचारून ठेव."

मी विचारलं. ती हो म्हणाली.

अर्ज मात्र दाखल होत नव्हता. कोणाचं नाव आधी, विद्यापीठाचं की कंपनीचं, यावर दोन्हीकडचे वकील पत्रं लिहीत होते. धोरणात नमुना करारपत्र होतं, पण नावांचा क्रम रिकामा सोडला होता. दहा आठवडे गेले. आणि यशोगाथेची तारीख आली.

मी रुजू झाले तेव्हा गोपनीयतेच्या पानावर सही केली होती. वाचून केली होती. मला वाटलं, गुपित म्हणजे सूत्रं, तक्ते, आलेख. गोष्ट हे गुपित असू शकतं असं मला कोणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं ते वेगळं: तपशील नेमका द्या. "फुलं" लिहू नका, कोणती फुलं ते लिहा.

म्हणून मी वही घेऊन तीन दिवस काकांच्या शेजारी बसले. पिळणं मोजलं. वाळूचा डबा पाहिला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "निबंध, हा आकडा कशाला टिपतेस?"

"आकड्याशिवाय वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही, काका."

"छापणार का तो?"

"बघू. लेखाला लागला तर."

ते क्षणभर थांबले. हे मी नंतर शंभर वेळा आठवलं आहे. ते थांबले, मग म्हणाले, "तुला कळतं त्यातलं."

लेख मी दोन दिवसांत लिहिला. आजही सांगते, मी तसं पुन्हा लिहिलेलं नाही. त्यात ज्योतीचा आवाज होता, बोटांच्या पुसलेल्या रेषा होत्या, आणि मधोमध एक परिच्छेद होता ज्यात काच सात वेळा पिळली जात होती. तो वाचताना हात आपोआप हलावेत असा.

लेखासोबत एक चिठ्ठी लागायची: "मजकूर पाहिला, हरकत नाही." त्यावर तीन सह्या. मॅडम आईच्या शस्त्रक्रियेसाठी गावाला गेल्या होत्या. टायसाहेबांना मेल केला, उत्तर आलं नाही. मी खाली गेले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिठ्ठीवर सही केली.

"वाचा ना काका आधी."

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय. आणि माझ्याबद्दलचं मी कुठे वाचत बसू, लाज वाटते."

वर संचालकांना सांगितलं, एकच सही झाली आहे. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "टाकून दे. आज शेवटची तारीख. उरलेल्या मागाहून घे."

मी टाकला. दुपारी साडेचार वाजता. मला आनंद झाला होता.

बारा दिवस सगळे कौतुक करत होते. एका वर्तमानपत्राने तो पोर्टलवरून उचलून छापला. काकांच्या घराजवळच्या न्हाव्याने कात्रण आरशाला चिकटवलं. तेराव्या दिवशी टायसाहेबांचा फोन आला. त्यांनी मला नाव घेऊन हाक मारली आणि शांतपणे विचारलं, "हे तुम्ही कधी प्रसिद्ध केलंत?"

पेटंटचा नियम साधा आहे. अर्जाआधी रीत जगजाहीर झाली की ती कोणाचीच राहत नाही. काही देश वर्षभराची सूट देतात. कंपनीला जिथे माल विकायचा होता, तिथे ती नव्हती.

बैठक झाली. लांब टेबल, प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी. एका बाजूला कंपनीचे वकील आणि टायसाहेब. दुसऱ्या बाजूला संचालक, मॅडम, मी, आणि खुर्चीच्या कडेवर बसलेले काका. गळ्यात नळी नव्हती. ती नसताना ते कोणी दुसरेच वाटत होते.

वकिलांनी माझा परिच्छेद मोठ्याने वाचला. एकाच सुरात, स्वल्पविरामसुद्धा न चुकवता. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "वर्णन उत्तम आहे. हे वाचून कोणालाही करता येईल."

तेवढी चांगली दाद मला कधी कोणी दिलेली नाही.

"आकडासुद्धा आहे," टायसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दमलेले वाटले. "आकडा तरी नको होता हो."

संचालकांनी चिठ्ठी पुढे सरकवली. "काकांची सही आहे. कक्षाने पद्धत पाळली आहे." बाकी दोन सह्यांच्या रिकाम्या जागांबद्दल ते बोलले नाहीत.

"आकडा कोणी टाकायला सांगितला?" वकिलांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. माझं कंत्राट पुढच्या महिन्याच्या एक तारखेला संपत होतं, नूतनीकरणाचा कागद संचालकांच्या टेबलावर होता. हे मला त्या क्षणी आठवलं असं मी म्हणत नाही. ते मला आधीपासून आठवतच होतं.

"मी सांगितलं," काका म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मीच म्हटलं टाक. ती नको म्हणत होती. म्हातारपणी वाटलं, आपलं काहीतरी छापून यावं, नीट, आकड्यासकट. पोरीची चूक नाही त्यात."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या काकांना पंचवीस वर्षं ओळखत होत्या. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी बाटलीकडे पाहिलं. बाटलीवर पाण्याचे थेंब होते, ते एकेक खाली येत होते. मी तोंड मिटलं होतं.

वकिलांनी लिहून घेतलं.

दुसरा टप्पा रद्द झाला. कौशल्यपद गेलं, मुदतवाढ गेली. काकांच्या फाइलीत एक कागद लागला, त्यावर "समज देण्यात आली" असं लिहिलेलं. चौतीस वर्षांत त्यांच्या फाइलीतला तो पहिला कागद. माझं नूतनीकरण झालं.

लेख पोर्टलवरून काढला. पण छापलेली प्रत कशी काढणार? आरशावरचं कात्रण न्हाव्याने पिवळं पडेपर्यंत ठेवलं. वर्षभराने दुसरीच एक कंपनी तशी कांडी विकू लागली. काकांनी ती कुठूनतरी मिळवली, उजेडात धरली. मला फोन करून म्हणाले, "चांगली केलीय गं. सातच वेळा पिळलीय." त्यांचा आवाज खरोखर खूश होता. मी फोन ठेवला.

पण हे नंतरचं झालं. आधी त्यांची निवृत्ती.

शेवटच्या दिवशी त्यांनी खोली स्वतः झाडली. काचेचे बारीक तुकडे फटीफटींतून काढले. "अनवाणी कोणी आलं तर?" तिथे अनवाणी कोण येणार होतं? तिसऱ्या मजल्यावरची ती मदतनीस आली होती. तिला त्यांनी जांभळट चष्मा दिला. तिने विचारलं, "मी काय करू याचं?" काका म्हणाले, "उन्हात घाल." ती हसली नाही. मग त्यांनी वायूचा नळ बंद केला. चौतीस वर्षं त्या खोलीत जो आवाज होता तो थांबला, आणि मला कळलं की वरच्या मजल्यावरही तो मला रोज ऐकू यायचा.

महिन्याभराने आमच्या कक्षाला जागा कमी पडते म्हणून ती खोली आम्हाला दिली. भिंतींना रंग लावला. नळाला टोपण बसवलं. माझं टेबल बरोबर तिथे आलं जिथे ज्योत होती. जागा मी निवडली नाही. नकोही म्हटलं नाही. नको न म्हणण्यात मी आता तरबेज झाले होते.

विद्यार्थी मात्र येत राहिले. नव्यांना कोणी सांगितलेलं नसायचं. एक मुलगी आली, हात पाठीमागे. मला पाहून गोंधळली.

"काका आहेत का?"

"निवृत्त झाले."

"मग त्यांच्या जागी?"

"कोणी नाही."

तिने हात पुढे केला. वाफ थंड करायची लांब नळी, मधोमध तुटलेली. "मग आता?"

"नवीन मागवावी लागेल. फॉर्म आहे. तीन महिने लागतात."

"माझं सादरीकरण पाच आठवड्यांवर आलंय."

ती तुकडे घेऊन जिन्यावर जाऊन बसली. दाराच्या काचेतून तिची पाठ दिसत होती. मी तिची पाठ पाहत एका सहामाही अहवालाचं वाक्य पूर्ण केलं. वाक्य असं होतं: "उद्योग आणि विद्यापीठ यांच्यातील अंतर कमी करण्यात कक्षाला लक्षणीय यश आले आहे."

त्या शनिवारी रात्री मी पत्र लिहिलं. विद्यापीठाच्या कुलसचिवांना, प्रत कंपनीला. आकडा माझ्या मनाने टाकला, काकांनी शंका काढली होती, तीनऐवजी एका सहीवर लेख टाकला, बैठकीत काकांनी सांगितलं ते खरं नव्हतं. त्यांच्या फाइलीतला कागद काढून माझ्या फाइलीत लावावा. दीड पान.

रविवारी सकाळीच काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. मी त्यांना आधी एकदाच भेटले होते. तेव्हा त्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "तिकडे दिवसभर फुंकतात, आणि घरी नातीचा फुगा फुगवायला सांगितला की दम लागतो यांना." आज त्या हसल्या नाहीत.

"बस. आंघोळ करतायत." मग माझ्यासमोरच बसल्या. "तुला एक विचारू? यांनी म्हणे हट्ट केला, आकडा छाप म्हणून. मला असंच सांगितलं. आयुष्यात लग्नपत्रिका सोडून कुठे नाव येऊ न देणारा माणूस." त्यांनी पदराची कड बोटाला गुंडाळली. "तुला पटतं का हे?"

घरीसुद्धा त्यांनी तेच सांगितलं होतं.

मी म्हटलं, "नाही, काकू."

"मलापण नाही," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

काका आले. केस ओले. गळा मोकळा. "काय निबंध, वाट चुकलीस?" मी पत्र पुढे केलं. ते नेहमीसारखं बाजूला ठेवू लागले. "तू लिहिलंयस ना..."

"काका, हे वाचा. पूर्ण."

त्यांनी वाचायचा चष्मा शोधला. ओळीखाली बोट धरून वाचू लागले. गुळगुळीत बोट, कागदावरून न अडकता सरकणारं. माझं लिहिलेलं ते पहिल्यांदाच वाचत होते. दीड पानाला त्यांना पंधरा मिनिटं लागली. मधे एकदा ते मागे गेले आणि एक ओळ पुन्हा वाचली.

"पद येणार आहे का परत, याने?"

"नाही."

"नोकरी जाईल तुझी."

"कदाचित."

"मग कशाला?"

मी म्हटलं, "तुम्ही का सांगितलंत तसं? त्या दिवशी?"

"पद तर गेलंच होतं तोपर्यंत. माझं काय घेणार होते? उरले होते काही महिने. तुझी सुरुवात होती." ते चष्म्याची काच बनियनला पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत राहिले. "पण एक सांगू का. मला वाटलं होतं, तू म्हणशील."

"काय?"

"'नाही काका,' म्हणशील. मी बोलल्यावर. एवढंच. मग मी म्हटलं असतं, राहू दे गं. भांडलो असतो दोघं तिथे, त्या वकिलासमोर." ते थोडे हसले. "मी वाट पाहिली होती थोडी."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

काकांनी कागद पुन्हा हातात घेतला. त्यांना जी ओळ दोनदा वाचावी लागली होती तिच्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. 'माझ्या दुर्लक्षामुळे खरी माहिती बैठकीत पुढे आली नाही.' दुर्लक्ष कुठलं? तू माझ्या शेजारी बसली होतीस. तू गप्प बसलीस."

"हो."

"मग तसं लिही. काम नेमकं पाहिजे."

त्यांनी खिशात पेन शोधलं. खिसा नव्हता, बनियनच होतं. काकूंनी फडताळावरचं पेन आणून माझ्या हातात दिलं. मी ते वाक्य खोडलं. वर लिहिलं: "मला खरं माहीत होतं आणि मी गप्प बसले." अक्षर वाकडं आलं. काकांनी ते पाहिलं.

मी सोबत चिठ्ठीही आणली होती. सवयीने. "मजकूर पाहिला, हरकत नाही." त्यांनी ती वाचली आणि सही केली. मग पेन थांबवून, सहीखाली, एकेक अक्षर जपून काढत लिहिलं: "वाचून."

सोमवारी सकाळी मी कक्षात गेले. संचालक आले नव्हते. माझ्या टेबलाखाली टोपण लावलेला नळ होता. पत्राच्या तीन प्रती काढल्या आणि आवक-जावक खिडकीवर जाऊन उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी शिक्का उचलला, मग खोडलेल्या वाक्यावर लिहिलेली ओळ वाचून थांबल्या.

"खाडाखोड आहे यात," त्या म्हणाल्या. "स्वच्छ प्रत आणता का?"

"नाही," मी म्हटलं. "अशीच घ्या."